घड्याळ काढण्याआधी

पळस फुलला की लोकांना काय काय सुचतं. आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फागुन लागायचा अवकाश, कोणी ना कोणी रोज सकाळी दारव्हा रोडवरच्या पळसाचा फोटो टाकतं आणि खाली चार ओळी. निसर्गाची रंगपंचमी वगैरे. मी अंगठा दाखवून मोकळी होते. पळस दिसला की मला कविता सुचत नाही, माझी पाठ आवळून येते. माझ्या अंगात फागुन हा मार खायचा महिना आहे, आणि हे ग्रुपवर कसं लिहिणार?

मी तांड्यातली. बोरी अरबच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून दोन किलोमीटर आत आमचा तांडा आहे. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत मराठी, बाजारात जी समोर येईल ती. आईला आम्ही याडी म्हणतो. आता मी यवतमाळला राहते, चौथीला शिकवते, मराठी अशी बोलते की बदलून आलेल्या मॅडमला मी पुण्याची वाटले होते. पण फागुनात कपाशीची पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचलेली दिसली, दुपारच्या उन्हाला धार चढली, कुठून तरी डफ तापवून वाजवल्याचा आवाज आला, की माझं सगळं पुणं गळून पडतं.

यंदा त्यात एक सिनेमा येऊन पडला.

सिनेमाचं खूळ माझ्या नवऱ्याचं. किशोर लाइनमन आहे, दिवसभर खांबावर चढून येतो आणि घरी आला की त्याला सगळं गोड लागतं. मला तिसरा महिना लागला होता. रेवाला, म्हणजे आमच्या पाच वर्षांच्या पोरीला, अजून सांगायचं होतं. किशोर म्हणाला, "लहान पोराईचं पिक्चर लागलं आहे, तिघं जाऊ. पिक्चर पाहून झाल्यावर सांगू तिले." मी म्हटलं जाऊ.

कार्टूनचा सिनेमा. एका सायळीचं, म्हणजे अंगावर काटे असतात त्या साळिंदराचं, कुटुंब. आई, बाप आणि तीन पिल्लं. मधलं पिल्लू उपद्व्यापी. खेळता खेळता ते हिवाळ्यासाठी साठवलेले सगळे कंद नदीत लोटून देतं. सगळे. आई येते, रिकामं बीळ पाहते. पडद्यावर अंधार होतो, ढोल वाजायला लागतात, तिचे काटे एकेक करून उभे राहतात. पिल्लू भिंतीला टेकलेलं. थिएटर चिडीचूप. मग आईचे काटे हळूहळू खाली येतात, ती पिल्लाला जवळ घेते आणि गाणं सुरू होतं.

गाणं सुरू व्हायच्या आधी, त्या चिडीचूपमध्ये रेवाचा आवाज आला. ती कुजबुजत वगैरे नाही.

"मम्मी, हे आई मारत काहून नाई?"

लोक हसले. समोरच्या रांगेतला एक माणूस तर मागं वळून आमच्याकडे पाहून हसला, पोरगी लई हुशार आहे अशा अर्थानं. रेवा हसत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. सिनेमावाले काहीतरी दाखवायचं विसरले, असा तिचा चेहरा होता. किशोरही हसला नाही. त्यानं माझ्या हातातला पॉपकॉर्नचा डबा घेतला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

पुढचा सिनेमा मी पाहिला नाही. डोळे उघडे होते एवढंच. मला त्या सायळीचा असा राग आला होता की काय सांगू. तीन मिनिटांत काटे खाली. कोणी शिकवलं तुला, बाई? तुझी आई कोण होती?

आता सरळ लिहूनच टाकते. मी मारते. शाळेत कधी मारलं नाही, सोळा वर्षांच्या नोकरीत एकदा पण नाही. पालक म्हणतात मॅडम फार शांत. शाळेत कॅमेरे आहेत, आणि कॅमेरे नव्हते तेव्हाही शांतच होते, कारण ती पोरं माझी नव्हती. घरी मारते. दूध सांडलं म्हणून, उलटं बोलली म्हणून, बुटाची लेस चौथ्यांदा सुटली म्हणून. फणीनं मारलंय, पट्टीनं मारलंय, रिकाम्या हातानं तर गणतीच नाही. मारून झाल्यावर जवळ घेते, केस विंचरून देते, आवडीचा शिरा करते. तोही मीच करते.

त्या दिवशी सिनेमा पाहून घरी आलो. रेवाला सांगायचं राहूनच गेलं. मी हात धुवायला म्हणून मनगटावरचं घड्याळ काढून टीव्हीजवळ ठेवलं. मागं वळते तर रेवा नाही. न्हाणीघराचं दार हललं. आत पाण्याचा निळा ड्रम आहे, त्याच्या मागे भिंतीशी वीतभर जागा आहे. तिथं ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"घड्याळ काढलं ना तू," ती म्हणाली.

मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसले. मी मारायच्या आधी घड्याळ काढते, हे मला पोरीकडून कळलं. पण ही सवय कोणाची, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

माझा बाप दारू प्यायचा नाही. हे आधीच सांगते, कारण मारणारा बाप म्हटला की लोक मनातल्या मनात त्याच्या हातात बाटली देऊन टाकतात. बा ट्रॅक्टर चालवायचा, दुसऱ्याच्या शेतात नांगरट करायचा, विडीसुद्धा ओढायचा नाही. मारायचा तो शुद्धीत. लग्नात मिळालेलं सोनेरी पट्ट्याचं घड्याळ होतं त्याला. आधी ते काढायचा, देवळीत दिव्याच्या बाजूला ठेवायचा, सदऱ्याच्या बाह्या दुमडायचा, एक, दोन, तीन घड्या, आणि मग याडीकडे वळायचा. घड्याळाची काच फुटू नये म्हणून. देवळीत घड्याळ ठेवल्याचा टक असा आवाज आला की मी मागच्या दारानं बाहेर पडून तुरीच्या गंजीत शिरायचे. मला तो कधी फार मारायचा नाही. मी पोरगी, परक्याचं धन. त्याचा सगळा मार याडीसाठी राखलेला होता.

मी दहा वर्षांची असताना माझा भाऊ विनोद झाला, आणि त्या होळीला आमच्या घरी त्याची धुंड होती.

धुंड म्हणजे काय ते सांगायला हवं. मागच्या होळीपासून तांड्यात जो मुलगा जन्मला, त्याची होळीला धुंड करतात. आता कुठे कुठे मुलींचीही करतात, माझी झाली नव्हती. बाळाला आईच्या मांडीवर देऊन घोंगडीवर बसवतात, वर एक लांब काठी आडवी धरतात, आणि पुरुष आपापल्या काठ्या तिच्यावर वाजवत बोल म्हणतात. बाळाच्या डोक्यावर हातभर अंतरावर काठ्यांचा नुसता कडकडाट. बाळ रडतं, सगळे खूश होतात. ते झालं की खेळ. अंगणात खुंट पुरून त्याला गोडधोडानं भरलेला हंडा बांधतात. पुरुषांनी तो सोडवून पळवायचा, बायकांनी काठ्यांनी झोडपून राखायचा. वर्षभर डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या बाया त्या दिवशी कासोटा खोचून उभ्या राहतात. सासरा नाही, दीर नाही, तांड्याचा नायक नाही, जो हंड्याला हात लावेल त्याला बसते. आणि ज्याला बसते त्यानं हसायचं. होळीला राग धरायचा नाही, हा नियम.

दुसरा नियम काठीचा. काठी निर्गुडीची, ओली. वळ उठतो, हाड मोडत नाही.

होळीच्या चार दिवस आधी याडीनं मला नाल्यावर निर्गुडी तोडायला नेलं. मोळी बांधली. मग ती मला वर, फॉरेस्टच्या कडेला घेऊन गेली आणि तिनं धावड्याची एक फांदी तोडली. धावड्याचा कुऱ्हाडीला दांडा घालतात, इतकं ते लाकूड चिवट. तिनं ती तासली, निर्गुडीएवढी बारीक दिसेपर्यंत तासली, साल ठेवली. मोळी सोडली. मला म्हणाली, "मधात ठेव." मी मधोमध ठेवली आणि वरून निर्गुडी नीट पसरली. घरी येईपर्यंत मोळी माझ्या डोक्यावर होती.

त्या दिवशीचं ऊन मला अजून दिसतं. राखेचा वास, डफ, पळसाच्या रंगानं भगवी झालेली धूळ. बा नवा सदरा घालून होता. मुलाची धुंड, मोठा मान, म्हणून घड्याळ हातात. तो हंड्याकडे धावला. बाकीच्या बाया हसत, शिव्यांची गाणी म्हणत काठ्या चालवत होत्या. याडी हसत नव्हती. ती त्याची वाट पाहत खुंटाला पाठ लावून उभी होती. त्यानं दोराला हात घातला आणि तिनं पहिला वार त्याच्या मनगटावर केला, बरोबर घड्याळावर. काच फुटून कातडीत गेली. बा हसला, नियमानं. दुसरा वार त्याच जागी. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखला नाही, मला वाटलं काठी मोडली. काठी शाबूत होती. तिसरा, चौथा खांद्यावर, मानेवर. तो खाली बसला तरी ती थांबली नाही. बायांनी तिला ओढलं तेव्हा तिच्या तोंडातून आवाज येत होता, गाण्याचाही नाही आणि शिवीचाही नाही.

आणि तांडा हसत होता. होळी होती ना. नायक पोट धरून म्हणाला, "बाईनं घर राखलं बाप्पा." बा मोडलं मनगट पोटाशी धरून हसत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि तो काहीच बोलू शकत नव्हता. मी ओट्यावर उभी होते. मला आनंद झाला होता. एवढा आनंद मला पुढे लग्नातही झाला नाही.

सिनेमा असता तर इथं गाणं आलं असतं. बाचं मनगट वाकडं जुळलं. मूठ पुरती वळेना. त्यानं पुन्हा याडीवर हात उचलला नाही, घड्याळही घातलं नाही. तांड्यात आजही हा किस्सा हसून सांगतात.

पुढचं कोणी सांगत नाही, कारण ते कोणाला माहीत नाही. चैत्रात हापशीवरून येताना माझ्या डोक्यावरचा पाण्याचा गुंड पडून चेपला. मी घरात आले. याडीनं गुंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोवर तिनं मला कधी बोटही लावलं नव्हतं. त्या दुपारी तिनं मला लाटण्यानं मारलं. मी डोकं दोन्ही हातांत घालून, कोपरं तोंडासमोर जुळवून खाली बसले आणि ती मारत राहिली. बा दाराशी बसला होता, प्लास्टर मांडीवर. तो पाहत होता. मी दहावी होऊन हॉस्टेलला जाईपर्यंत हे चाललं. याडी थकली की मारायची, भ्यायली की मारायची, कधी नुसतीच. मोळीत धावडा मी ठेवला होता. तो माझ्यासाठी पण होता, हे मला तेव्हा कळायला हवं होतं का? दहा वर्षांच्या पोरीला?

यंदा विनोदच्या मुलाची धुंड होती. मागच्या आठवड्यात आम्ही तांड्यावर गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, पण आत्याशिवाय धुंड कशी होणार? बा अंगणात बाजेवर नातवाला घेऊन बसला होता. वाकड्या मनगटाच्या खोबणीत बाळाचं डोकं इतकं नेमकं बसलं होतं की मला बघवेना. रेवाला त्यानं जवळ बोलावून खिशातून पेपरमिंट दिली. असा आजा सगळ्यांना मिळो, असं कोणीही म्हणालं असतं. मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. हा माणूस असा होता तर इतकी वर्षं कुठं होता?

याडी चुलीपाशी पुरण हाटत होती. हात आता कापतात तिचे. मी जवळ बसले आणि विचारलं, "त्या साली तूनं बाले मुद्दाम मारलं ना?"

"मंग का चुकून लागलं?" तिनं वर न पाहता म्हटलं. "चार दिस झोपली नोती मी."

"अन् मले?"

"तुले काय?"

"मले काहून मारत होती?"

ती थांबली. कलथा हातातच. माझ्याकडे खरंच गोंधळून पाहिलं तिनं. "तुले कधी मारलं मी? तू तं गुणाची होती. एखांदी चापट बसली असंल, ते कोणाले नाई बसत?"

ती खोटं बोलत नव्हती. माझी याडी खोटं बोलली की तिची नाकपुडी फुगते, मला माहीत आहे. तिला आठवत नाही. बाच्या मनगटावरचा पहिला वार तिला आठवतो, त्या आधीची जागरणं आठवतात, माझी सहा वर्षं आठवत नाहीत. मी तिथंच बसून राहिले. वीस वर्षांनी रेवा माझ्याजवळ अशीच येऊन बसेल आणि मी तोंड वर करून म्हणेन, तुला कधी मारलं गं मी? आणि माझीही नाकपुडी फुगणार नाही. याची मला मार देण्या-खाण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

धुंड झाली. बाळ रडलं, सगळे खूश झाले. हंडा बांधला, बाया उभ्या राहिल्या. याडीनं मोळीतली एक बारकी निर्गुडी काढून रेवाच्या हातात दिली. "मार ज्याले माराचं त्याले. आज कोणी काई म्हणत नाई."

रेवानं काठी घेतली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बाया हसल्या. मी पाठ फिरवली. मी म्हटलं, "मार." मनापासून म्हटलं. मला वाटलं, बसू दे, पाच वर्षांचं जेवढं तिच्या हातात मावेल तेवढं बसू दे.

तिनं मारलं. पोटरीवर, सपकन. लहान हाताचा वार पण ओली निर्गुडी ती, मेंदूपर्यंत झिणझिणी गेली. मी वळले. आणि मला समोर दिसलं की रेवानं काठी टाकली आहे, खाली उकिडवी बसली आहे, दोन्ही हात डोक्यावर, कोपरं तोंडासमोर जुळवलेली. अगदी तशीच. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

ती असं काहून करते, असं मी म्हणणार होते. मग माझं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. माझा उजवा हात डाव्या मनगटावर होता. पट्टा अर्धा सुटला होता.

मी पट्टा परत लावला. एक भोक पुढं, घट्ट. खाली बसले आणि म्हटलं, "झालं बेटा. खेळ होता."

कोपरांच्या फटीतून एक डोळा दिसला. "झालं?"

"झालं."

तिनं एक हात खाली घेतला. दुसरा डोक्यावरच ठेवला. एका हातानं तिनं हंड्यातलं गोड खाल्लं, एका हातानं आजीला टाटा केला, आणि बसमध्येही, खिडकीपाशी, तिचा दुसरा हात डोक्यावरच होता. बाहेर पळस मागे जात होता.

किशोरनं बसमध्ये तिला सांगून टाकलं. "रेवा, आपल्या घरी बाळ येणार आहे. तुले भाऊ पाहिजे का बहीण?"

ती म्हणाली, "कोणी पण चालते. मी त्याले सांगीन."

"काय सांगशीन?"

"कुठं लपाचं ते."

किशोर खिडकीबाहेर पाहायला लागला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि मध्येच थांबवला, कारण वरून हात आला की ती दचकते, हेही मला त्याच दिवशी कळलं.

त्या सायळीचा राग मला अजून येतो. तिचे काटे कसे खाली आले ते दाखवायला पाहिजे होतं, तेवढंच नेमकं गाण्यात घालवलं. मी घड्याळ शाळेतल्या कपाटात ठेवून येते आता. तरी हात मनगटाकडे जातो. काल दोनदा गेला. रिकाम्या मनगटावर बोटं लागली की कळतं, आणि कळलं की मी अंगणात जाते, दोरीवर कपडे वाळत नसले तरी तिच्यापाशी उभी राहते. शेजारीण विचारते, काय पाहता मॅडम. काही नाही म्हणते. आतापर्यंत आठ दिवस झाले. आठ दिवस म्हणजे काहीच नाही, मला माहीत आहे.

परवा न्हाणीघर धुताना ड्रम सरकवला. मागं, त्या वीतभर जागेत, रेवाची जुनी दुलई घडी करून ठेवलेली होती, आणि तिच्यावर एक उशी. बारकी, तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली ठेवतात ती मोहरीची. तिच्या बाळपणीची, माळ्यावरच्या पेटीतली. ती पेटी उघडायला ती स्टुलावर कधी चढली कोण जाणे.

मी उशीला हात लावला नाही. ड्रम होता तिथं परत सरकवला. रेवा ती उशी स्वतः काढून नेईपर्यंत ती तिथंच राहू द्यायची आहे. रोज सकाळी उठल्यावर मी आधी तिकडे जाऊन पाहते. आज सकाळीही होती.